व्हेपचं दुकान विश्वासाचं आहे हे ओळखायचं कसं?

रानवारा:
सिगरेट सोडून व्हेपवर (ई-सिगरेटवर) येणाऱ्याने दुकानात शिरल्यावर नेमकं काय तपासावं, काय विचारावं? आणि दुकान चांगलं निघालं तर ते टिकावं म्हणून गिऱ्हाइकाने काय करावं? भारतात २०१९ च्या कायद्याने विक्रीच बंद आहे, तेव्हा प्रश्न जिथे ती कायदेशीर आहे तिथल्यापुरताच.

ओहमचा_नियम:
आधी दुकानदार काय विचारतो ते बघा. वयाचा पुरावा, दिवसाला किती सिगरेटी, सकाळी उठल्यावर पहिली किती वेळात लागते, कश तोंडात घेऊन मग आत ओढता की थेट छातीत. यातलं काहीच न विचारता जो डिव्हाइस पुढे सरकवतो, त्याला फक्त माल खपवायचाय. सिगरेट ओढतच नाही म्हणणाऱ्याला चांगला दुकानदार निकोटिन देत नाही.

सिगरेटसारखा आवळ कश हवा तर १ ओहमच्या आसपासची कॉइल (कापसाला लागून असलेली, लिक्विड तापवणारी तार), कमी वॅट आणि ५०-५० व्हीजी-पीजीचं (दाट व्हेजिटेबल ग्लिसरीन आणि पातळ प्रोपिलीन ग्लायकॉल यांचं) लिक्विड. भरपूर वाफेची ०.१५ ते ०.४ ओहमची कॉइल असेल तर ७०-३० चं दाट लिक्विड आणि निकोटिन ३ मिग्रॅ प्रति मिलीच्या जवळपास. अदलाबदल झाली की गडबड होते. दाट लिक्विड छोट्या पॉडच्या (लिक्विडच्या लहान कप्प्याच्या) कापसात वेळेत झिरपत नाही, कापूस कोरडा पडून जळतो. पातळ लिक्विड मोठ्या भोकांच्या कॉइलमधून गळतं. २० मिग्रॅ प्रति मिलीचं निकोटिन सॉल्ट सब-ओहम (१ ओहमखालच्या कॉइलच्या) टाकीत भरलं तर गरगरायला आणि मळमळायला लागेल. असं काही मागितलं तर तोंडावर नाही म्हणणारा दुकानदार धरून ठेवा.

नवी कॉइल बसवतानाही लक्ष ठेवा. कापसाच्या भोकांवर ३-४ थेंब, टाकी भरून ५ ते १० मिनिटं थांबायचं, मग कॉइलवर छापलेल्या वॅटच्या खालच्या टोकापासून सुरुवात. लगेच बटण दाबून दाखवलं तर कॉइल काउंटरवरच जळते, आणि एकदा जळलेला कापूस पुन्हा सुधारत नाही.

कोरडा_कापूस:
वरचं सगळं बरोबर, पण दुकानाची खरी परीक्षा बॅटरीत होते. रोजच्या वापरातले चांगले १८६५० सेल (व्हेपमध्ये घालायच्या गोल रिचार्जेबल बॅटऱ्या) साधारण २५०० ते ३५०० एमएएचचे (वीज साठवण्याच्या क्षमतेचे) असतात. ९९०० छापलेला सेल काउंटरवर दिसला तर तिथून काहीच घेऊ नका.

सेलचा अख्खा पत्रा ऋण असतो, धन फक्त वरची टिकली, आणि दोन्हींमध्ये एक पातळ रिंग. वरच्या कडेला प्लास्टिकचं आवरण खरचटलं की शॉर्ट व्हायला मोडचा (सेल बसवायच्या डिव्हाइसचा) धातू टेकला तरी पुरे. जाणता माणूस तुमचा सेल हातात घेऊन आधी ती कड बघतो आणि फाटकी असेल तर नवं आवरण चढवून देतो. सुटा सेल खिशात टाकायला देत नाही, प्लास्टिकच्या डबीतच देतो.

त्याला अँपिअरही विचारा. एका सेलच्या रेग्युलेटेड (वॅट सर्किटने सांभाळणाऱ्या) मोडवर ६० वॅट ओढायचे तर ६० ला ३.२ ने (उतरत आलेल्या सेलच्या व्होल्टेजने) भागा, आलेल्या उत्तराला ०.९ ने (सर्किटच्या कार्यक्षमतेने). जवळपास २१ अँपिअर येतात. म्हणजे सलग १० अँपिअर देणारा सेल तिथे चालणार नाही, मग त्याचं एमएएच कितीही असो.

शेल्फवाचक:
लिक्विडच्या बाटलीवर निकोटिनचं प्रमाण, व्हीजी-पीजी, बॅच नंबर, मुदत आणि लहान मुलांना न उघडणारं झाकण, एवढं हवंच. बाटल्या उन्हाच्या काचेत मांडल्या असतील तर निकोटिन ऑक्सिडाइझ होऊन लिक्विड तपकिरी पडतं. बिनलेबलची काडतुसं (व्हेपच्या आधीच भरलेल्या नळ्या) कोणी हळूच दाखवली तर बाहेर पडा: २०१९ मध्ये अमेरिकेत फुप्फुसं निकामी झाली, त्यामागे मुख्यतः अशाच चोरट्या टीएचसी (गांजातलं नशेचं द्रव्य) काडतुसांतलं व्हिटॅमिन ई ॲसिटेट होतं. तेलकट काहीही व्हेपमध्ये घालू नये.

कॉइलच्या डबीवर खरवडायचा कोड असतो. तो तपासताना क्यूआर स्कॅन करू नका, उत्पादकाचा पत्ता स्वतः टाइप करा. नकली डबीवरचा क्यूआर नकली साइटवरच नेतो आणि ‘अस्सल’ म्हणून दाखवतो.

टिकवायचं म्हणाल तर तासभर सल्ला दुकानात आणि खरेदी ऑनलाइन, हे बंद करा. कॉइल आणि लिक्विड तिथूनच घ्या, लागणारी कॉइल आधी कळवा म्हणजे तो मागवून ठेवेल. बिल घ्याच. माल खराब निघाला तर आधी बॅच नंबर त्याला कळवा, म्हणजे बाकीच्या डब्या तो काढून ठेवेल. आणि अल्पवयीन पोरासाठी कधीही विकत घेऊ नका. त्यापायी दुकानाचा परवानाही जाऊ शकतो.

रानवारा:
आभार. शॉर्टफिल बाटलीत (बिननिकोटिनच्या, वर जागा सोडलेल्या) निकोटिन दुकानदाराने मिसळून दिलं तर चालतं का?

ओहमचा_नियम:
तुमच्यासमोर, सीलबंद शॉट (निकोटिनची छोटी बाटली) फोडून मिसळलं तर चालतं. ५० मिलीत १८ मिग्रॅ प्रति मिलीचा १० मिली शॉट पडला की ६० मिलीत १८० मिग्रॅ, म्हणजे ३ मिग्रॅ प्रति मिली. आधीच मिसळून ठेवलेली बाटली घेऊ नका.