स्कार्फची पिन सारखी सुटते, लॉक कुठलं चांगलं?

टाकेदोरे: जड ब्रोच आहे, मागे नुसता सी आकाराचा हुक. रेशमी स्कार्फला लावला की हात वर केला तरी सुई सुटते आणि ब्रोच पुढे झुकतो. मॅग्नेटवाला घेऊ का?

कारागीर: जड ब्रोचला मॅग्नेट नको, रेशमावर सरकतो आणि पेसमेकर असेल त्याने तर लावूच नये. सोनाराकडून हुकाच्या जागी फिरत्या कडीचं लॉक बसवून घ्या, सुई आत गेली की कडी फिरवायची म्हणजे तोंड बंद, मग सुई दाबली गेली तरी बाहेर येत नाही. फक्त डाग देताना, म्हणजे धातू वितळवून जोडताना, ताप लागतो, खडे चिकटवलेले असतील तर आधी सांगा नाहीतर गळून पडतील.

निळाई: बिजागरी पण बघा हां, सुई आडवी हलत असेल तर लॉक कितीही भारी असो, टोक जागेवर बसणारच नाही. आणि झुकतोय म्हणजे सुई मधोमध असणार, ती मध्याच्या वर हवी.

टाकेदोरे: हो मधोमधच आहे! मग बिजागरी आणि लॉक दोन्ही वर सरकवूनच घेते. तोपर्यंत काय करू?

निळाई: सुई कापडातून दोनदा काढा, आतून कापडाचा छोटा तुकडा धरा, रेशीम फाटत नाही.