रेडिएटर, वॉटर पंप सगळं बदलून झालं तरी गाडी घाटात गरम होतेय, मदत हवी आहे

गाडी 2012 ची डिझेल हॅचबॅक, 1 लाख 40 हजार किमी झालेत. गेल्या महिन्यात रेडिएटर गळायला लागला म्हणून नवीन टाकला, सोबत वॉटर पंप, थर्मोस्टॅट आणि रेडिएटर कॅपही बदलली, कूलंट आणि पाणी 50-50 भरलं. सिटीत काही प्रॉब्लेम नाही, ट्रॅफिकमध्ये अर्धा तास उभी राहिली तरी टेंपरेचरचा काटा मध्यावर, फॅन वेळेवर लागतो. पण खंबाटकी घाट चढायला घेतला की अर्ध्या चढातच काटा वर, एसी बंद करून हीटर फुल केला (मे महिन्यात, घरच्यांच्या शिव्या खात) तर थोडा खाली येतो, मधेच हीटरमधून गार हवा यायला लागते.

एअर लॉक (कूलंटमध्ये अडकलेली हवा) असेल म्हणून दोनदा पुढची चाकं उंचावर घेऊन ब्लीडिंग केलं, म्हणजे ती हवा काढली, फरक नाही. बाहेर कुठे लीक नाही तरी 200 किमीला साधारण अर्धा लिटर कूलंट कमी होतं. ऑइल स्वच्छ आहे, डिपस्टिकवर दुधाळ काही नाही, पांढरा धूर पण नाही. फक्त रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी चेक केली तर वरचा होज पाइप दगडासारखा कडक असतो, कॅप उघडली की फुस्स.

मेकॅनिक म्हणतो हेड (इंजिनचा वरचा भाग) उतरवू, पण तो खर्च अंदाजाने करायचा नाहीये. ऑइल आणि धूर क्लीन असताना हेड गॅस्केट (हेड आणि इंजिन ब्लॉकमधलं सील) गेलेलं असू शकतं का, आणि हेड न उघडता खात्री करायला निळ्या लिक्विडवाली गॅस टेस्ट (कूलंटमध्ये इंजिनचा जळलेला गॅस येतोय का ते बघणारी) डिझेलला भरवशाची आहे की डायरेक्ट प्रेशर टेस्टच करून घेऊ?