सात महिने झाले, तरी आम्ही अजून 'ते नवीन आलेले'च

दुसरा_मजला:

नवऱ्याची बदली झाली म्हणून सात महिन्यांपूर्वी आम्ही या भागात राहायला आलो. भाग कुठला ते मुद्दाम सांगत नाही. सांगितलं की गाडी लगेच 'तिकडची माणसं तशीच' या वळणावर जाते, आणि मला ते नकोय. भाषा येते. ढब मात्र वेगळी, त्यामुळे तिसऱ्या शब्दाला समोरचा विचारतोच, "तुम्ही इथल्या नाही ना?" विचारण्यात वाईट काही नसतं. पण दिवसातून तीनदा ऐकलं की चौथ्या वेळी तोंडच उघडू नये असं वाटतं.

माणसं वाईट नाहीत हो. जिन्यात हसतात, पत्ता विचारला तर कोपऱ्यापर्यंत सोबत येतात. "या ना एकदा घरी" असंही म्हणतात. मी आपली भाबडेपणानं समोरच्या बाईंना विचारलं, "कधी येऊ?" त्या इतक्या गडबडल्या की मलाच ओशाळल्यासारखं झालं. तेव्हापासून मीच जिन्यात जरा घाईत असल्यासारखी दाखवते.

माझं काम घरून चालतं. ऑफिस तेच, सहकारी तेच, फक्त खिडकीबाहेरचं झाड बदललं. नवऱ्याला कामावर चार माणसं भेटतात. मुलीला शाळेत तिसऱ्याच दिवशी मैत्रीण मिळाली (सात वर्षांच्या माणसांचं बरं असतं, 'माझी मैत्रीण होतेस का' असं थेट विचारता येतं). उरले मी.

परवा दवाखान्यात फॉर्म भरत होते. 'तातडीच्या वेळी कोणाला कळवायचं' या रकान्यात नवऱ्याचं नाव लिहिलं. त्याखाली आणखी एक ओळ होती, दुसऱ्या व्यक्तीसाठी. पेन तिथेच अडलं. या अख्ख्या गावात लिहावं असं दुसरं नाव माझ्याकडे नव्हतं. शेवटी बहिणीचा नंबर टाकला. ती रात्रभराच्या प्रवासावर राहते, तातडीला काय कपाळ येणार!

विचारायचं एवढंच, की आपण होऊन किती पुढे व्हायचं? बोलण्याची ढब बदलायची का? आणि याला साधारण किती दिवस लागतात? 'हळूहळू होईल सगळं' हे सोडून काहीही सांगा.


विंचवाचं_बिऱ्हाड:

नोकरीत आठ बदल्या झाल्या, आणि निवृत्तीनंतर मुलाजवळ राहायचं म्हणून नववं घर. तेव्हा या विषयात मला बोलायचा थोडा अधिकार आहे असं धरून चालतो.

आधी सात महिन्यांचं. १९५५ साली लिसगार्ड नावाच्या नॉर्वेच्या समाजशास्त्रज्ञानं, शिष्यवृत्तीवर अमेरिकेत राहून आलेल्या सुमारे २०० नॉर्वेजियन लोकांच्या मुलाखतींवरून एक निष्कर्ष काढला. सहा महिन्यांहून कमी राहिलेले बरे होते, दीड वर्षाहून जास्त राहिलेलेही बरे होते. सर्वांत अवघड गेलं ते मधल्यांना, सहा ते अठरा महिन्यांवाल्यांना. पुढच्या संशोधकांना हा आलेख सगळीकडे सापडला नाही, काहींच्या पाहणीत पहिले काही दिवसच सर्वांत कठीण निघाले. माझा स्वतःचा अनुभव मात्र लिसगार्डच्या बाजूनं आहे. सामान लावेपर्यंत माणूस कामात असतो. नवं गाव म्हणजे सहल वाटते. सातव्या-आठव्या महिन्यात एके दिवशी लक्षात येतं की ही सहल नाही, आता इथेच राहायचंय. आठपैकी पाच ठिकाणी बायको याच सुमाराला रडली आहे. मी रडलो नाही, मी चिडचिड करायचो. एकूण एकच.

आता 'किती दिवस' याबद्दल. दिवस मोजू नका, तास मोजा. जेफ्री हॉल या कॅन्सस विद्यापीठातल्या संशोधकानं २०१८ मध्ये नेमक्या तुमच्यासारख्या, नुकतंच घर बदललेल्या माणसांकडून हिशेब घेतला. नुसत्या ओळखीतून जुजबी मैत्रीपर्यंत यायला साधारण ५० तास, मित्र म्हणण्याजोगं व्हायला ९० च्या आसपास, आणि जिवलग व्हायला २०० च्या पुढे. शिवाय एकत्र काम करण्यात गेलेले तास यात फारसे धरता येत नाहीत. म्हणजे नवऱ्याला चार माणसं भेटतात याचा हेवा करू नका, त्याचीही पाटी बहुधा तुमच्याइतकीच कोरी आहे. विचारून बघा त्याला, त्या रकान्यात तो कोणाचं नाव लिहील.

समोरच्या बाईंबरोबर आजवर तुमची किती मिनिटं झाली? खरंच मोजा.

म्हणून माझा नेम असा, की नव्या गावात पहिल्या महिन्यात एक जागा आणि एक वेळ धरायची आणि सोडायची नाही. बाग असो, वाचनालय असो, पोहण्याचा तलाव असो. पण वार ठरलेला, वेळ ठरलेली, बाकही शक्यतो तोच. चौथ्या घरी मी रोज सकाळी साडेसहाला एका मैदानाला तीन चकरा मारायचो. समोरून उलट्या दिशेनं एक गृहस्थ यायचे. पहिले तीन आठवडे आम्ही एकमेकांच्या बुटांकडे पाहिलं. मग मान हलली. मग एक दिवस मी आजारी पडून चार दिवस गेलो नाही आणि पाचव्या दिवशी ते थांबून म्हणाले, "कुठे होता?" कोणाला तरी आपली गैरहजेरी जाणवली की गावानं आपल्याला मोजायला सुरुवात केली असं समजायचं. पुढे त्यांनी आपली दिशा बदलली आणि आम्ही बरोबर चालू लागलो.

दुसरं, 'आमच्याकडे' हा शब्द. सहा महिने तोंडाला कुलूप. 'आमच्याकडे असं नसतं', 'आमच्याकडे तर किती सोपं असतं'. आपण सहज बोलतो, समोरच्याला ते उणंदुणं काढल्यासारखं लागतं. मी एका गावी पहिल्याच बैठकीत हा शब्द चार वेळा वापरला. पाठीमागे माझं नावच 'आमच्याकडे' पडलं होतं. तीन वर्षांनी निरोपाच्या दिवशी कळलं.

ढबीबद्दल थोडक्यात. उसनी आणू नका. मुद्दाम नक्कल केलेली ढब चेष्टा वाटते. शब्द मात्र जरूर उचला. एखाद्या वस्तूला तिथे वेगळं नाव असेल तर तेच वापरा. ढब काय, आपोआप थोडी सरकते. माझी तर दर बदलीत सरकली, आता मी नक्की कुठला हे मलाच सांगता येत नाही.

आणि शेवटचं, मागा. द्यायला जाऊ नका, मागायला जा. शिडी मागा, हातोडी मागा. बेंजामिन फ्रँकलिननं आपल्या एका विरोधकाकडून मुद्दाम दुर्मीळ पुस्तक वाचायला मागून घेतलं होतं आणि त्यानंतर त्यांची दोस्ती झाली. ज्याला आपण मदत केली त्याच्याबद्दल मन जरा मऊ होतं. नवखा माणूस मात्र उलट करतो, कोणाला त्रास नको म्हणून सगळं विकत आणतो. तुमच्या घरात शिडी आहे का? असेल तर लपवा.


जिन्याखालचा:

वरच्या प्रतिसादाला जोडून, जागेचं महत्त्व आपल्याला वाटतं त्याहून फार जास्त असतं. १९५० साली एमआयटीच्या विद्यार्थी कुटुंबांच्या वसाहतीत केलेली पाहणी प्रसिद्ध झाली. मैत्री कोणाशी, असं विचारल्यावर लगतच्या दाराशी मैत्री असलेले ४१ टक्के, आणि त्याच मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांत फक्त १० टक्के. एकाच मजल्यावर! आणि जिन्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना वरच्या मजल्यावर जास्त मित्र, कारण सगळे त्यांच्या दारावरून जायचे.

माझं नाव त्यावरूनच आहे. आम्ही तळमजल्यावर, जिन्याशेजारी. आवाजानं वैताग येतो, पण इमारतीतली सगळी माणसं मला नावानं ओळखतात. तुम्ही दुसऱ्या मजल्यावर दार लावून काम करता, मग तुमच्या दारावरून जाणार कोण? आठवड्यातून दोन सकाळी लॅपटॉप घेऊन बाहेर बसा.


पाच_पिढ्या:

मी पलीकडच्या बाजूचा. जिथे जन्मलो तिथेच राहतो, माझ्या गावात बाहेरून माणसं येतात आणि जातात. त्यातलं 'जातात' कोणी लक्षात घेत नाही.

आमच्या समोरच्या घरात सहा वर्षांत चार बिऱ्हाडं झाली. पहिल्या कुटुंबाशी आमचा चांगला घरोबा होता, त्यांची मुलगी आणि माझी मुलगी एकाच वर्गात. दोन वर्षांनी त्यांची बदली झाली. माझी पोरगी आठवडाभर त्या बंद दाराकडे पाहून शाळेत जायची. दुसऱ्या कुटुंबाच्या वेळी आम्ही जरा हात राखून वागलो. चौथ्या वेळी जिन्यात हसण्यापुरतं. आता ते चौथं कुटुंब बहुधा कुठेतरी तुमच्यासारखंच लिहीत असेल की इथली माणसं दार उघडत नाहीत.

आम्ही 'किती वर्षं आहात इथे?' असं विचारतो ना, ती चौकशी नसते. जीव लावायचा की नाही याचा अंदाज घेत असतो. त्यावर 'बघू, बदली होईपर्यंत' असं उत्तर आलं की आमच्या बाजूनं विषय मिटला. खोटं बोला असं म्हणत नाही. पण 'आहोत तोवर इथलेच' एवढं म्हटलं तरी पुरतं.

आणखी एक, आमचे नियम आम्हालाच माहीत नसतात. तिसऱ्या कुटुंबातले गृहस्थ आपली दुचाकी जिन्याजवळच्या मोकळ्या जागेत लावायचे. ती जागा कोणाच्या नावावर नाही, पण वीस वर्षं तिथे वरच्या आजोबांची सायकल असायची. आजोबा महिनाभर सायकल भिंतीला टेकवून धुसफुसत राहिले आणि आम्ही सगळे त्या माणसावर रुसून बसलो. सांगितलं मात्र एकानंही नाही! मग एक दिवस त्यानंच मला गाठून विचारलं, "माझं इथे काही चुकतंय का?" पाच मिनिटांत मिटलं. असं विचारायला एक माणूस हेरून ठेवा. शक्यतो बोलका, पण चुगलखोर नको.


दुसरा_मजला:

सगळ्यांचे आभार. हिशेब केला. जिन्यातली मिनिटं ताणून धरली तरी समोरच्या बाईंबरोबर सात महिन्यांत दीड तास. त्यात पाऊण तास एकदा वीज गेली होती तेव्हाचा. नवऱ्यालाही विचारलं, रकान्यात कोणाचं नाव? बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "सुरक्षारक्षकाचं."

पाच पिढ्या, तुमचं वाचून बाईंचा चेहरा आठवला. आमच्या आधी इथे कोण राहायचं हे मी कधी विचारलंच नाही.

शिडी मागायला मात्र जीभ रेटत नाही. आमच्याकडे (बघा, आलाच शब्द!) मागणं म्हणजे कमीपणा. आणि 'कधी येऊ' प्रकरणानंतर मी त्यांना आवडत नसणार याची मला जवळपास खात्रीच आहे.


विंचवाचं_बिऱ्हाड:

ती खात्री बाजूला ठेवा. २०१८ मध्येच एरिका बूथबी आणि तिच्या सहकाऱ्यांनी अनोळखी माणसांना एकमेकांशी बोलायला लावलं आणि नंतर वेगवेगळं विचारलं. आपण समोरच्याला जितके आवडलो असं लोकांना वाटत होतं, त्याहून ते प्रत्यक्षात जास्त आवडले होते. वसतिगृहात एकत्र राहणाऱ्या मुलांमध्ये हा गैरसमज महिनोन् महिने टिकला. त्या बाई कदाचित आत जाऊन म्हणाल्या असतील, 'अगंबाई, मी काय वेड्यासारखी गडबडले, आता ती यायचीच नाही.'

'या ना घरी' हे प्रत्येक गावात अर्धं वाक्य असतं. उरलेलं अर्धं कुठे कुठलं हे राहूनच कळतं. काही ठिकाणी खरंच या, काही ठिकाणी नुसतं बरं आहे ना. 'कधी' विचारू नका, वेळ ठरवून तुम्हीच बोलवा. पण त्याआधी शिडी.


दुसरा_मजला, साडेतीन महिन्यांनंतर:

कळवायचं राहिलं होतं. शिडी मागितली. पंख्यावरची धूळ हे कारण, आणि ते खोटंही नव्हतं. बाई म्हणाल्या, शिडी आहे पण डुगडुगते, मी धरते. मग पंखा होईपर्यंत त्या खाली शिडी धरून उभ्या आणि मी वर. माणूस वर चढलेला असला की बोलणं फार मोकळं होतं, का कोण जाणे, बहुतेक एकमेकींचे चेहरे दिसत नाहीत म्हणून. आमच्या आधीच्या बिऱ्हाडाबद्दल विचारलं. बराच वेळ सांगत होत्या.

आता मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी मी वाचनालयात बसते, आणि जाताना त्यांची पुस्तकं बदलून आणते. तास मोजणं सुटलं. 'तुम्ही इथल्या नाही ना' अजून ऐकते, परवा मात्र माझ्याआधी त्याच म्हणाल्या, "आमच्या समोरच्या आहेत."

काल मुलीच्या शाळेचा फॉर्म आला. तोच रकाना, तीच दुसरी ओळ. बाईंना विचारलं, तुमचं नाव घालू का? म्हणाल्या, विचारतेस काय, घाल. लिहायला बसले आणि लक्षात आलं, मला त्यांचं आडनाव माहीत नाही. साडेदहा महिने झाले. आता कोणत्या तोंडानं विचारू?


जिन्याखालचा:

खाली टपालपेट्या असतील, त्यांच्यावर बघा.