ज्या गेममध्ये चॉइस नाही, तो गेमच नाही?

अर्धविराम:
काल इथे एकाने व्हिज्युअल नॉवेलबद्दल (चित्रं-संगीतासोबत वाचायची गोष्ट, मधेमधे बहुधा पुढचं काय ते निवडायचं) लिहिलं, 'चॉइस नसलेली व्हिज्युअल नॉवेल म्हणजे संगीत लावलेली पीडीएफ. तिला गेम म्हणणाऱ्यांनी आधी गेम खेळून बघावेत.' दोन ओळीत उत्तर देऊन गप्प बसणार होतो, जमलं नाही.

मला चॉइस नकोच असतात. 'प्लॅनेटेरियन'मध्ये (2004) एकही नाही, फक्त पुढे जात राहायचं. पण संगीत कुठल्या वाक्यावर थांबतं, चेहरा कधी बदलतो, हे कोणीतरी जीव ओतून ठरवलेलं असतं आणि बटण माझ्या हातात असतं. शेवटाकडे ती रोबो मुलगी बोलत राहते आणि पुढचं वाक्य आणायला माझं बोट धजत नाही. पीडीएफचं पान उलटताना असं कधी झालंय? 'हिगुराशी'मध्ये कोणावर विश्वास ठेवायचा हे स्क्रीनवर कोणी विचारत नाही, तरी तासन्‌तास तेवढंच डोक्यात चालू असतं.

आणि ज्या चॉइसचं एवढं कौतुक चालतं ते बघा. 'द वॉकिंग डेड'मध्ये (2012) पहिल्या भागात दोघांपैकी ज्याला वाचवाल तो तिसऱ्या भागात मरतोच. 'लाइफ इज स्ट्रेंज' (2015) पाच भाग निर्णय घ्यायला लावतो आणि शेवटी दोन दारांसमोर उभं करतो. आधी काय केलंत याच्याशी त्या दारांना फारसं घेणंदेणं नाही. याच्यापेक्षा लेखकाने एकच शेवट छाती ठोकून लिहावा.

नकोसा_नायक:
तो प्रतिसाद माझा आणि मी तो मागे घेत नाही. पडकी उदाहरणं निवडून वाद जिंकता येतो, पण 'डिस्को एलिसियम'चं (2019) नावही का नाही? लढाईच नाही, सगळं बोलण्यात. रेड चेक, म्हणजे फाशांवर ठरणारा प्रयत्न, एकदाच मिळतो, हरलात की हरलात. आणि कितीदा तरी हरलेला सीनच जास्त चांगला लिहिलेला असतो. तिथे लेखकाने छाती ठोकलेली नाही?

शेवट बदलतो का, हा प्रश्नच नाही. पुस्तकातल्या माणसाने खून केला तर मला वाईट वाटतं. 'अंडरटेल'मध्ये (2015) मला जीव लावणाऱ्या टोरिएलला मी मारलं तेव्हा मला लाज वाटली. जुनी सेव्ह लोड करून, म्हणजे आधीच्या जागी परत जाऊन, तिला वाचवलं, तर पुढे फ्लावी हे दुष्ट फूल तोंडावर सांगतं की तू काय केलंस ते मला माहीत आहे. सरळ रेषेतल्या कथेत ही लाज कुठून आणणार?

तिसरी_घंटा:
नायकाशी सहमत, पण चॉइसवाल्यांनी एका गोष्टीचं उत्तर द्यावं. 'स्टाइन्स;गेट'चा (2009) खरा शेवट हवा असेल तर पात्रांकडून येणाऱ्या ठरावीक मेलना ठरावीक उत्तरं द्यावी लागतात, आणि हे खेळताना कळायला काही मार्ग नाही. 'क्लॅनाड'मध्ये बाकीचे रूट (इतर पात्रांच्या कथा) करून त्यांचे दिवे गोळा केल्याशिवाय पुढचा भाग उघडत नाही. मी दोन्हींना गाईड लावलं, म्हणजे कुठे काय निवडायचं याची दुसऱ्याने लिहिलेली यादी. त्यावरून मला 'तू खेळलीच नाहीस' असं ऐकवलं गेलंय.

नकोसा_नायक:
बरोबरच ऐकवलं. गाईड लावून खेळायचं तर कोणीतरी खेळलेला व्हिडिओ बघावा. चुकीचा शेवट मिळाला तर तो तुमचा शेवट. रेड चेक हरल्यावर रीलोड करणारेही त्याच माळेचे मणी.

रात्रपाळी:
नायक, जरा सांभाळून. मुलं झोपल्यावर मला जेमतेम तासभर मिळतो, आणि मनगटाच्या ऑपरेशननंतर फार क्लिक करता येत नाहीत. चाळीस तासांची कथा, आणि कुठल्या तरी मेलला उत्तर दिलं नाही म्हणून अर्ध्यात संपणार? मी पहिल्या दिवसापासून गाईड उघडं ठेवते आणि स्टाइन्स;गेटला हमसून रडले आहे. ते रडणं व्हिडिओ बघितल्याचं होतं का?

दुसरं म्हणजे निवडायला मोजकाच वेळ देणारा टायमर. चार पर्याय वाचून होईपर्यंत पट्टी संपते आणि पात्र गप्प राहतं. त्याला तुम्ही 'माझा निर्णय' म्हणता? माझा हात तिथे पोचलाच नव्हता. टायमर बंद करायची सोय नसेल तर मी तो गेम विकतच घेत नाही.

नकोसा_नायक:
टायमरचं मान्य. ती सोय असलीच पाहिजे, यात वाद नाही. गाईडचं नाही. ज्याला चुकायची भीती वाटते त्याने अर्धविरामसारखं सरळ रेषेत वाचावं.

अर्धविराम:
मला भीती वाटते म्हणून मी सरळ रेषेतले गेम खेळतो, हे कोणी सांगितलं? 'टू द मून' (2011) मी खेळलो तेव्हा बाबा अंथरुणाला खिळलेले होते. मरणाऱ्या माणसाच्या आठवणी बदलायला दोन डॉक्टर येतात, चार-पाच तासांची गोष्ट. त्या महिन्यात दिवसभर मी निर्णयच घेत होतो. औषध बदलायचं का, हॉस्पिटलमध्ये हलवायचं का, भावाला कधी बोलवायचं. रात्री आणखी एक प्रश्न समोर आला असता तर मी लॅपटॉप बंद केला असता. मला कोणीतरी गोष्ट सांगायला हवी होती, आणि शेवटापर्यंत हात न सोडता सांगायला हवी होती.

नकोसा_नायक:
यावर काय बोलणार. तुमच्यासाठी तो गेम होता, ठीक. पीडीएफ हा शब्द 'टू द मून'ला लावणार नाही. 'प्लॅनेटेरियन'ला लावेन.

अर्धविराम:
आधी खेळा, मग लावा.

तिसरी_घंटा:
गाईडचा मुद्दा सगळे सोडून देताय, मी सोडणार नाही. 'व्हर्च्युज लास्ट रिवॉर्ड'ने (2012) फ्लोचार्टच, म्हणजे कथेच्या सगळ्या फाट्यांचा नकाशाच, हातात दिला. कुठून कुठेही उडी मारा, वाचलेलं परत वाचायला नको, आणि त्या उड्या कथेतच बसवल्यात. म्हणजे मागे जाऊन दुसरं निवडणं ही फसवणूक नाही, नीट लिहिलं तर तोच खेळ. मग जिथे लेखकाने नकाशा दिला नाही, तिथे मी दुसऱ्याचा नकाशा घेतला तर बिघडलं कुठे?

नकोसा_नायक:
फ्लोचार्ट चालेल, कारण तो लेखकानेच दिलाय. 'डिस्को'त रेड चेक रीलोड करणाऱ्याला मात्र मी अजूनही सांगेन, हरल्यावरचा सीन तू पाहिलाच नाहीस.

रात्रपाळी:
मी दोन्ही पाहिले. रीलोड करूनच.