मदत हवी आहे: हिवाळ्यासाठी घरात किती आणि कसं भरून ठेवावं? (बाबा ऐकत नाहीत)

पऱ्हाटी_प्लॉट

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यातल्या एका गावातून लिहितोय. घरात सहा माणसं: आजी, आई-बाबा, मी, बायको आणि चार वर्षांची पोरगी. नऊ एकर कोरडवाहू, कापसात तूर आणि थोडं सोयाबीन. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

दिवाळीपासून बाबांनी घराचं गोदाम करायला घेतलंय. मूळ कारण जानेवारी २०२४. ट्रकवाल्यांच्या संपात एक-दोन तारखेला पंपांवर लागलेल्या रांगा आठवत असतील. त्या दिवशी बाबांनी मोटरसायकल सात किलोमीटर ढकलत घरी आणली. संप दोन तारखेच्या रात्रीच मिटला, बाबांच्या डोक्यात तो अजून चालू आहे. त्यात लहानपणी बहात्तरच्या दुष्काळात राशनच्या लाल मिलोच्या भाकरी खाल्लेल्या. आता व्हॉट्सअ‍ॅपवर कुठून तरी मेसेज आला की यंदा थंडीत गॅस, डिझेल, गहू काहीच मिळणार नाही. ना तारीख, ना कोणाचं नाव. मी म्हटलं, बाबा हा फॉरवर्ड आहे. ते म्हणाले, "बहात्तरचा दुष्काळ कोनी फॉरवर्ड केला होता?" यावर मला काही सुचलं नाही.

तर सध्या घरात काय काय आहे ते सांगतो.

गहू तीन क्विंटल, व्यापाऱ्याकडून, मागच्या हंगामाचा. आमचं केशरी कार्ड, त्यावर धान्याऐवजी खात्यात पैसे येतात, म्हणून दाणा विकतच घ्यावा लागतो. तूरडाळ चाळीस किलो, तीही विकत, आणि आमचीच तूर वावरात शेंगांनी वाकली आहे. महिन्याभरात घरात येईल. यावर आईचं आणि बाबांचं तीन दिवस बोलणं बंद होतं.

गॅस डबल बाटलीचा आहे. गावात गाडी पंधरा दिवसांनी येते, म्हणून आंघोळीचं पाणी आणि भाकरी चुलीवरच. त्यामुळे माझा मुख्य प्रश्न सरपणाचा. हरभऱ्यासाठी तीन एकर कापूस लवकर उपटला, त्या पऱ्हाट्या गोठ्यामागे रचल्या आहेत. माणसाएवढी उंच रास आहे. कृषी सहायक म्हणतात, रास ठेवू नका, गुलाबी बोंडअळी त्यातच थंडी काढते. २०१७ चं बोंडअळीचं वर्ष आम्ही भोगलंय, त्यामुळे म्हणणं पटतं. पण पऱ्हाट्या नाही ठेवल्या तर चुलीत काय घालू? रास ठेवूनही अळी टाळता येते का, हा प्रश्न एक.

प्रश्न दोन, वीस लिटर पेट्रोल. निळ्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये, स्वयंपाकघराच्या दाराआड, चुलीपासून सहा पावलांवर. मी मोजली. किती दिवस टिकतं आणि ठेवावं तर कुठे?

प्रश्न तीन, सहा माणसांना तीन महिन्यांचं धान्य नेमकं किती धरावं? बाबा म्हणतात पाच क्विंटल.

आणि एक किरकोळ. त्या जुन्या गव्हात सोंडे निघाले. शेजारच्या काकांनी धान्यात टाकायच्या चार गोळ्या दिल्या, परवा बाबांनी त्या कोठीत टाकून झाकण लावलं. खोलीत लसणासारखा वास येतोय. तो जायला काय करावं? आजी तिथेच झोपते, ती कुरकुर करते. दोन दिवस डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणते, पण थंडी पडली की तिचं असं होतंच.

वणीची_सून

तुम्ही ज्याला किरकोळ म्हणताय ना, ते आधी. आत्ता उठा. आजींना त्या खोलीतून बाहेर काढा, बाकीच्यांनाही. दारं-खिडक्या उघडा आणि कोणीही आत परत जाऊ नका. त्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या असणार. हवेतली ओल लागली की त्यातून फॉस्फिन वायू सुटतो, लसणाचा वास त्याचाच. त्याला उतारा नाही. डोकेदुखी आणि मळमळ ही थंडी नाही. १०८ ला फोन करा, डॉक्टरांना गोळ्यांचं नाव सांगा, डबीचा फोटो सोबत न्या.

कोठीत पाणी ओतायची बुद्धी कोणाला झाली तर हात धरा, पाण्याने वायू आणखी जोरात सुटतो. पऱ्हाटी-बिऱ्हाटी उद्या बोलू.

निवृत्त_कृसस

ताईंशी शंभर टक्के सहमत. अजून एक गोष्ट जोडतो. थंडीत गोळी सावकाश फुटते, म्हणून "दोन दिवस झाले, संपलं असेल" हा हिशेब चुकतो. या गोळ्या बंद गोदामात, प्रशिक्षित माणसाने टाकायच्या असतात. राहत्या घरात एकही नाही. कोठी स्वतः उघडू नका, तालुका कृषी कार्यालयाला किंवा कृषी विज्ञान केंद्राला कळवा. त्या भिंतीला लागून गोठा असेल तर जनावरंही हलवा.

पऱ्हाटी_प्लॉट

निघतोय.

बोरगाव_बुद्रुक

काय झालं भाऊ? सकाळपासून धागा उघडून बसलो आहे.

पऱ्हाटी_प्लॉट

उशिरा लिहितोय, माफ करा. आजी ठीक आहे. रात्रभर ऑक्सिजनवर ठेवलं, आज दुपारी सोडलं. डॉक्टर म्हणाले, अजून दोन रात्री तिथे झोपली असती तर काही सांगता आलं नसतं. पोरगी रोज दुपारी आजीजवळ झोपते. ते आठवलं आणि पाय गळाले.

कोठी कृषी खात्याच्या माणसाने तोंड बांधून, हातमोजे घालून बाहेर काढली. गहू वावरात उघड्यावर आहे. तो खाणार नाही, बाबांनी स्वतःच सांगितलं. ताई, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

आता बाकीच्याचं सांगा, बाबा शेजारी बसून ऐकतायत.

खारपाण_पट्टा

बाबांना नमस्कार सांगजो. काका, राग नका मानू, पन डिसेंबरात गहू कोन भरते? नवा गहू होयीच्या मांगंपुढं येते, तवा वर्साचा भरा. डाळ सक्रातीनंतर, घरची. थंडीत भराचं म्हंजे नवी जवारी, नवा तांदूळ, वड्या, बस. आता बाजारात जो गहू हाये, तो उन्हायाचा उरलेला. सोंडा संगंच येते त्याच्या. मंग गोयी लागते. एक गोष्ट उघडली का दुसरी निंगते.

हिशेब: माणसामागं महिन्याले नऊ-दहा किलो दाना धरा, लहान पोरीले कमी. सहा जनाले महिन्याचे पन्नास-पंचावन्न. तीन महिन्याचे दीड-पावनेदोन क्विंटल झाले. पाच क्विंटल काय लगन हाये का?

निवृत्त_कृसस

आता सरपण. खात्याचं म्हणणं रास रचूच नका असं आहे आणि ते बरोबरच आहे. पण ज्याच्या घरी चूल आहे त्याला ते जमत नाही, हे मी नोकरीभर पाहिलं. अळी पऱ्हाटीच्या लाकडात नसते, झाडावर राहिलेल्या न फुटलेल्या बोंडात, किडून वाळलेल्या बोंडात (कवडीत) ती सुप्त पडून असते. म्हणून रास मोडा, पऱ्हाटी काठीने झोडपा, खाली पडलेल्या कवड्या गोळा करून त्याच दिवशी चुलीत घाला. एक कवडी फोडून पाहा, आत दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या दिसतील, त्यांच्या मधे गुलाबी अळी. बाबांना दाखवा, माझ्या दहा भाषणांपेक्षा ते बरं.

झोडपलेल्या पऱ्हाट्या वावरापासून लांब, घराजवळ ठेवा आणि आधी त्याच जाळा. तुराट्या मागे ठेवा, त्यांच्यात ही भानगड नाही. मृगापर्यंत पऱ्हाटीची काडी अंगणात उरता कामा नये. उभ्या कापसाची फरदड (वेचणीनंतर तेच झाड ठेवून पुन्हा कापूस) घेऊ नका, हे तुम्हाला सांगायला नको.

डाळीला किलोला चमचाभर एरंडी तेल चोळून, ऊन देऊन, कोरड्या डब्यात काठोकाठ भरा. डब्यात हवा कमी तर भुंगा कमी. ज्वारी दाताखाली कट्ट वाजेपर्यंत वाळवा, आणि पोती भिंतीपासून हातभर लांब, फळ्यांवर. कडुनिंबाचा पाला घाला, पण वाळलेला. ओला पाला घालून मग "निंबाने काही होत नाही" म्हणणारे खूप भेटले.

वणीची_सून

पेट्रोलचं कोणी बोललं नाही. विकायचं नसेल तर ३० लिटरपर्यंत परवान्याशिवाय ठेवता येतं, पण कायद्याला तुमची चूल दिसत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरपटत जाते. दाराआडची कॅन आणि सहा पावलांवरचा विस्तव यांच्या मधे फक्त एक सैल झाकण आहे. शिवाय आता त्यात २० टक्के इथेनॉल, ते ओल धरतं, महिनोन् महिने ठेवायची वस्तू नाही. गाडीची टाकी भरलेली ठेवा, तेवढा साठा पुरे.

आणि थंडी वाढली की शेगडी आत घेऊन दार लावून झोपू नका. विस्तवातूनही विषारी वायू सुटतो, आणि आत्ताच एका वायूतून सुटलात.

पऱ्हाटी_प्लॉट

सगळ्यांचं बाबांना वाचून दाखवलं. लगनवाल्या वाक्याला हसले, आठवड्यात पहिल्यांदा. कवडी फोडून पाहिली, अळी निघाली. त्यानंतर काही न बोलता काठी घेऊन गोठ्यामागे गेले, अंधार पडेपर्यंत झोडपत होते. आई बोलायला लागली आहे, कोहळं आणलंय, उद्या वड्या.

पेट्रोल आमच्या आणि चुलतभावाच्या गाडीत ओतलं. निळी कॅन बाबांनी साबणाने धुऊन उन्हात पालथी घातली आहे. कशासाठी, ते अजून विचारलं नाही.

वणीची_सून

विचारा. पिण्याच्या पाण्यासाठी असेल तर आत्ताच काढून टाका.