अनुभव धागा: कोणत्या दिग्दर्शकाने तुमची बघायची नजर बदलली?

मंडळी, जगातल्या थोर दिग्दर्शकांच्या याद्या ढिगाने आहेत, त्या इथे नकोत. एखाद्याचा सिनेमा बघून तुमच्या घरात, कामात, माणसांशी वागण्यात खरंच काही बदललं असेल तर तेवढं सांगा.

सुरुवात मी करते. माझा ओझू. 'टोकियो स्टोरी', १९५३ चा. ओनोमिचीहून म्हातारा-म्हातारी मुलांकडे टोकियोला येतात, मुलं वाईट नाहीयेत हो, कामात आहेत इतकंच, मग ती आईबापाला आतामीला गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी पाठवून देतात आणि तिथल्या गोंगाटात दोघांना रात्रभर झोप लागत नाही. हे बघताना मला घाम फुटला. दोनच वर्षांपूर्वी आई-बाबा गुहागरहून ठाण्याला आले होते, माझ्या ऑफिसात ऑडिट चालू होतं, म्हणून मी त्यांचं अष्टविनायकाचं बुकिंग करून दिलं, अगदी हौसेने. परत आल्यावर बाबा म्हणाले, "छान झालं हो सगळं." आई काही बोलली नाही, पाय चोळत बसली होती. ओझूचा कॅमेरा जमिनीवर बसलेल्या माणसाच्या उंचीवर असतो आणि जवळजवळ हलतच नाही, त्यामुळे आपणही त्यांच्याशेजारी बसून राहतो, तिथून उठताच येत नाही. त्यात नोरिको नावाची विधवा सून आहे, तीच एकटी नोकरीवरून सुट्टी काढून सासू-सासऱ्यांना शहर दाखवते. आई आता नाही. बाबा येतात तेव्हा मी रजा टाकते.

वळिवाची सर
कुरोसावा! एप्रिलमध्ये कोल्हापूरजवळ शॉर्टफिल्म करत होतो, पावसाचा सीन, टँकर मागवला, पाइप धरून चौघं भिजलो आणि मॉनिटरवर बघतो तर पाऊस गायब, नुसती ओली माणसं. टँकरचे पैसे पाण्यात. मग एका जुन्या कॅमेरामन काकांनी सांगितलं की उजेड मागून मार, आणि 'राशोमोन' (१९५०) परत बघ. त्यातल्या मोडक्या वेशीवरच्या पावसाच्या पाण्यात काळी शाई मिसळली होती, कारण करड्या आभाळापुढे साधं पाणी दिसेना. तेव्हापासून मी कुठलाही पाऊस बघितला की आधी उजेड कुठून येतोय ते बघतो.

लॉ कॉलेज रोड
डे सिका. पुण्यात फिल्म अर्काइव्हला 'बायसिकल थीव्ह्ज' (१९४८) बघितला. शेवटी तो पोरगा बापाची खाली पडलेली टोपी उचलतो, झटकतो... बस. बापाचं काम करणारा माणूस खरोखरचा कारखान्यातला कामगार होता. सत्यजित राय यांनी १९५० मध्ये लंडनला हाच सिनेमा बघितला आणि आपण 'पथेर पांचाली' करायचाच हे तिथे पक्कं केलं. मी बाहेर येऊन वडिलांना फोन लावला, कशाला लावला ते काही सांगता आलं नाही.

खडू-फळा
मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. इराणच्या किआरोस्तामीचा १९८७ चा 'मित्राचं घर कुठे आहे' एका शिबिरात बघितला. अहमदच्या दप्तरात चुकून मित्राची वही येते, आणि गुरुजींनी त्या मित्राला दम दिलेला असतो की परत वहीत गृहपाठ नसला तर शाळेतून काढीन, म्हणून हे एवढंसं लेकरू टेकडीवरची नागमोडी वाट पळत शेजारच्या गावी जातं, आणि जवळजवळ एकही मोठा माणूस त्याचं धड ऐकून घेत नाही. मला आपलीच शाळा दिसायला लागली, वही विसरलेल्याला मीही उभं करायचो. १९९० मध्ये त्या भागात मोठा भूकंप झाला, तेव्हा किआरोस्तामी स्वतःच्या मुलाला घेऊन त्या पोरांना शोधायला गेला, त्यावरच त्याने पुढचा सिनेमा केला.

अहमदला घर सापडत नाही, मग तो मित्राचाही गृहपाठ स्वतःच लिहून आणतो. गेल्या वर्षी माझ्या चौथीत दोन वह्यांत एकच अक्षर दिसलं, पाढेही एकाच जागी चुकलेले. दोघं खाली मान घालून उभे. मी चुकलेला पाढा दुरुस्त केला, दोन्ही वह्यांवर सही केली आणि वह्या परत दिल्या.