ठिपके, खाच आणि लिंबाचे श्रेय
नखांवरचे पांढरे ठिपके कॅल्शियमच्या कमतरतेने येतात आणि लिंबू व तेल चोळल्याने जातात, हे मत मला पटत नाही. असे ठिपके बहुधा नखाच्या मुळाशी बसलेल्या किरकोळ माराचे असतात. नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढते, त्यामुळे ते आपोआप पुढे सरकून कापले जातात, आणि श्रेय मात्र लिंबाला मिळते. नखाचा दिसणारा भाग केराटिन या निर्जीव प्रथिनाचा असतो. तेलाने त्याचा कोरडेपणा कमी होईल, पण नख जिथे घडते त्या मुळाशी झालेला बिघाड वरून चोळून दुरुस्त होत नाही.

मला स्वतःला एका मोठ्या तापानंतर दहाही नखांवर एकाच उंचीवर आडवी, बोटाला जाणवणारी खाच दिसली होती. मुळापासून तिचे अंतर ६ मिलिमीटरच्या आसपास होते, म्हणजे सुमारे दोन महिने मागे, आणि ताप तेव्हाचाच. अशी खाच निरुपद्रवी असते, परंतु चमच्यासारखी खोलगट झालेली नखे लोहाच्या कमतरतेकडे बोट दाखवतात. दोन्ही तर्जनींची नखे पाठीला पाठ लावून धरल्यास मुळाशी शंकरपाळ्याच्या आकाराची फट दिसते. ती नाहीशी झाली असेल तर फुप्फुसे व हृदय तपासून घ्यावे. दक्षिण आफ्रिकेतील हृदयरोगतज्ज्ञ लिओ शॅमरॉथ यांना हा बदल स्वतःच्याच आजारपणात आढळला होता. एकाच नखात नव्याने उमटलेली व रुंदावत जाणारी काळी उभी रेघ मात्र त्वचारोगतज्ज्ञांनाच दाखवावी, तिच्यावर कोणताही लेप लावून वाट पाहू नये.